नव्या भाताचा कट्टा

पालघर, ६ ऑक्टोबर २०२५

ती. स्व. दादास जयवंतीचा शि. सा. न.

फोन केला तर 'बघतो' म्हणून ठेवून देशील, म्हणून लिहितेय. आई दवाखान्यात आहे, आता शुद्धीवर आलीय. साखर इतकी उतरली होती, की डॉक्टर म्हणाले, तासभर उशीर झाला असता तर संपलंच होतं.

तीन दिवस ती जेवली नव्हती आणि साखर उतरवणारी गोळी मात्र चालूच, दादा! जव्हारच्या त्या वृद्धाश्रमाचे व्यवस्थापक म्हणतात, साखरेची गोळी रोज वेळेवर दिली, वहीत सही आहे. नर्सबाई म्हणतात, जेवणाचं आमच्याकडे नसतं. स्वयंपाकीण माघीला ताट परत येताना दिसत होतं, पण औषधाचं तिला कोण विचारतं? दोघींच्या वह्या एकाच कपाटात, वरखालच्या फळ्यांवर. माणूस एक आणि त्याचे वाटे दोन! तू मोखाड्यात आहेस, जाऊन खडसाव त्यांना. आई का जेवली नाही, तेही काढून घे.

वहिनीला नमस्कार. राग तुझ्यावर नाही, निदान आज तरी.

तुझी जयवंती


मोखाडा, ८ ऑक्टोबर

चि. जयवंतीस अ. उ. आ.

गेलो होतो. व्यवस्थापकाला उभाआडवा घेतला. तो वर मलाच म्हणतो, जेवणाची तक्रार संस्थेकडे करा, औषधाची आरोग्य खात्याकडे. म्हणजे एका आईचे दोन अर्ज! तहसीलमध्ये वीस वर्षं मी लोकांना या टेबलावरून त्या टेबलावर धाडलं, त्याचं फळ मिळालं म्हण.

मग दवाखान्यात आईजवळ बसलो. ती आधी सांगेचना. शेवटी म्हणाली, ताटात नवा भात होता, घरच्या देवाला नवं दाखवल्याशिवाय तो कसा खायचा. आश्रमात दोन्ही वेळ भातच, म्हणून चहावर राहिली. देणाऱ्याला वाईट वाटेल म्हणून बोलली नाही.

जयू, देणारा मीच. पोशेऱ्याच्या शेतातल्या लवकर येणाऱ्या हळव्या भाताचा पहिला कट्टा, भरलेलं पोतं, दसऱ्याला आश्रमात नेऊन दिला, वर फोटो काढून घेतला. देवाला नवं दाखवायचं माझ्या डोक्यातच आलं नाही, ते सगळं आईच करायची. शिव्या दे, पण बोलणं सोडू नकोस.

तुझा कमलेशदादा


जव्हार, ११ ऑक्टोबर

ती. स्व. दादास नमस्कार. शि. सा. आज लिहवत नाही.

तुझं पत्र काल मिळालं. आधी तुझाच संताप आला. मग लक्षात आलं, आश्रमात वावर-वांगणी गावांकडच्या, आईसारखंच नवं पाळणाऱ्या आणखी बायका आहेत, त्यांच्या घरी तरी नवं झालंय का? लगेच फोन केला. व्यवस्थापक म्हणाले, सोमवारी बघू. आज पहिली एसटी धरली.

नर्सबाई गोळ्या वाटायला निघाल्याच होत्या. मी ट्रे धरला आणि माघीला स्वयंपाकघरातून बोलावलं. व्यवस्थापक ओरडले, तुम्हाला अधिकार काय. मी म्हटलं, तुमच्या दोन वह्यांच्या मध्ये जी पडली तिची मी लेक. मग एकेकीचं नाव घेऊन माघीला विचारत गेले. सुकरी नुसत्या डाळीच्या पाण्यावर. तुळशी नातीने आणलेल्या बिस्किटांवर. चंदनाच्या पोटात कालपासून तेही नाही. आईचं असं होऊनही कुणी विचारलं नव्हतं, आणि तिघींच्या गोळ्या ट्रेमध्ये तयार होत्या! गोळ्या बाजूला ठेवून नर्सबाईंनी स्वतःच माघीची वही मागून घेतली.

गेल्या वर्षीच्या नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी करायला लावली. तिघी पोटभर जेवल्या. मग सुकरीने विचारलं, भात कुणी दिला होता. तुझं नाव मी सांगितलं नाही. ते तू त्यांच्यासमोर जाऊन सांगायचंस.

सांगून ये, मग लोभाचं बघू.

जयवंती