शिंपीकाकांचा डाव

ती. आईला थोरलीचा दुरूनच वाकून नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. काळजी करू नकोस.

माझ्याकडे एक शिंपीकाका उपचाराला येतात. अर्धांगवायूनंतर त्यांचा उजवा हात थरथरतो. चेंडू दाबायचा व्यायाम दिला, तर म्हणाले, "पोरी, हात सुधारून जाऊ कुठं? मला आता कुणी बोलावतच नाही."

म्हणून काल मीच त्यांना त्यांच्या जुन्या मित्रांकडे पत्ते खेळायला घेऊन गेले. डाव रंगात आला आणि काकांच्या हातातले पत्ते उताणे पडले.  मी ते उचलायला वाकले. तेवढ्यात त्यांचे मित्र न्हावीदादा ओरडले, "लबाडा, हरायला लागलास की डाव उधळायची तुझी खोड अजून गेली नाही होय?" सगळे हसले, काकाही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग न्हावीदादांनी पत्ते पुन्हा पिसले. निघताना काका मला म्हणाले, "उद्या मी इथं एकटा येईन."

आई, बाबांचा हात कसा आहे गं? पाहुणे आले की तू त्यांना आतल्या खोलीत नेऊन बसवतेस, असं धाकटी म्हणाली. त्यांना कुणी हसू नये म्हणून करतेस, कळतं मला. पण त्यांना चौघांत बसू दे. चहा सांडला तर पुसता येतो.

तुझीच,
थोरली