मिरची घोडी कोणाच्या हवाली

मी, वय एकाहत्तर, धंदा घोडे शिकवण्याचा, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. काल मिरची घोडी दोराशिवाय माझ्यामागे चालत आली, तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. बुद्धी मात्र शाबूत आहे. मिरचीला विकून टाकावं असं सांगणारं माझं आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. राहतं घर मुलाला. तबेल्याकडची खिडकी त्याने बुजवू नये.

२. तबेला, खरारे, दोर आणि मिरची सुनेला. मुलाने तोंड वाकडं करण्याआधी कारण वाचावं. गेल्या वर्षी मिरचीने लाथ मारून माझ्या दोन बरगड्या मोडल्या. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, जातच खुनशी हिची. चाबकाशिवाय सुधारायची नाही." त्याआधी मीही तिला चाबकाने मारलं होतं, हे इथे कबूल करतो. मी अंथरुणावर असताना भाऊच मिरचीला बघायचा आणि सून रोज चहाचा कप घेऊन त्या खिडकीत बसायची. तिने आयुष्यात घोड्याला हात लावला नव्हता. एक दिवस म्हणाली, "बाबा, ती खुनशी नाही हो, घाबरते. काका डावीकडून आले की कान त्यांच्याकडे वळवते. उजवीकडून आले की दचकते, मग लाथ."

"चाळीस वर्षं घोडे शिकवतोय मी!"

"तुम्ही शिकवत होता. मी नुसती बघत होते."

पशुवैद्याने तपासलं. उजव्या डोळ्याने तिला जवळजवळ दिसतच नव्हतं. मला तोंड लपवायला जागा उरली नाही. मग मीच शिकाऊ झालो. आधी आवाज द्यायचा, मग पाऊल टाकायचं. तिने मान फिरवली की थांबायचं. एक पाऊल पुढे आली की दोर लगेच सैल. काय सांगू, सत्तरीत मला घोडा कळायला लागला!

३. खोगीर आणि लगाम भावाला. चाबूक मी शेगडीत जाळला, त्याने शोधू नये. त्यावरून तो तीन महिने माझ्याशी बोललेला नाही. खोगीर न्यायला स्वतः यावं, निरोप धाडू नये.

(इथे लिहिणं थांबलं. अंगणातून सुनेची हाक आली, "बाबा, बाहेर या, पण हळू!" तिने माझ्या भावाला बोलावून आणलं होतं. भाऊ मिरचीच्या उजवीकडे रिकाम्या हातांनी उभा. "मी आहे गं, इकडे, इकडे," असं पुटपुटत होता. तिचा कान फिरला, मान वळली आणि तिने नाक त्याच्या छातीवर टेकवलं. हा एवढा दांडगा माणूस, डोळे पुसत म्हणाला, "दादा, ही ऐकते रे!")

४. कलम तीनमध्ये भर: भावाने यापुढे मिरचीला सुनेच्या हाताखाली शिकवावं. शेवटचा शब्द सुनेचा.

भावालाही साक्षीदार म्हणून सही करायची होती. ज्याला काही मिळतं त्याने साक्ष देऊ नये, असं सांगून त्याला घोडीजवळच राहू दिलं आहे.

सही: घोडेवाले दादा
साक्षीदार: १. पशुवैद्य २. नालबंद
ठिकाण: तबेल्यालगतची खोली
दिनांक: सात मार्च, सकाळी साडेदहा