विलंबाचे कारण

चंद्रपूर, ८ जानेवारी २०२५

ती. गुणवंतमामांस,
खुशबूचा सविनय जयभीम. वि. वि.

फोन केला असता, पण हे तोंडाने सांगवणार नाही म्हणून कागद घेतला. रागवायचं ते सगळं वाचून झाल्यावर रागवा.

जूनमध्ये होस्टेलला आले तेव्हा रजिस्टरमध्ये पालकाचं नाव आणि व्यवसाय लिहायचा होता. बाबा गेल्यापासून पालक तुम्हीच. माझ्या वरच्या मुलीने प्राध्यापक लिहिलं होतं, तिच्या वरचीने डॉक्टर. मी तुमच्या नावापुढे वकील लिहिलं. झाडीपट्टीच्या नाटकात तुम्ही तेरा वर्षं काळा कोट घालता, तेव्हा अगदीच खोटं नाही, अशी मनाची समजूत घातली. मग लॉच्या सीईटीच्या क्लासमध्येही तेच सांगितलं. तुमच्याकडे बघून वकील व्हावंसं वाटलं हे खरंच आहे. ती वकिली स्टेजवरची, एवढंच मी गिळलं.

आता मेसमध्ये पोळ्या करणाऱ्या रुखमाबाईने, तुम्ही वकील आहात असं ऐकून, तुमचा नंबर मागून घेतला. ती कुरखेड्याकडची. जंगलातला दीड एकर सासूच्या काळापासून तिच्या घरचे कसतात, पण वनहक्काचा दावा नामंजूर झाल्याचा कागद डिसेंबरात तिच्या हाती आला. मला नाही म्हणवलं नाही. तिचा फोन आला तर आजारी आहे सांगा, केस घेत नाही सांगा, काहीही सांगा.

बाकी, सीईटीच्या सराव परीक्षेत एकशेवीसपैकी चौसष्ट पडले. आई म्हणते नर्सिंग कर. अजयदादा म्हणतो, साधी पदवी घे आणि भरतीच्या मागे लाग. दोघांशीही मी तावातावाने भांडते.

राग येईलच. लोभ तेवढा आटू देऊ नका.

तुमची भाची
खुशबू


वडसा, १७ जानेवारी

चि. वकीलबाईस,
अ. आ.

तुझं पत्र पोचायच्या चार दिवस आधीच रुखमाबाईचा फोन आला होता. मी तोंडाला रंग लावत बसलो होतो. ती म्हणाली, खुशबूचे मामा वकीलसाहेब बोलून राह्यले का? तू काय करून ठेवलंस ते मी तिथेच समजलो. स्टेजवर मला शेकडो लोकांनी वकीलसाहेब म्हटलं आहे, पण ते त्यांना लिहून दिलेलं असतं. स्टेजखाली कोणी म्हणायची ही पहिलीच वेळ. माझ्याने नाही म्हणवलं नाही.

कागदाचं काय करू, असं तिने विचारलं. मला दुसरं काय येतं? तिसऱ्या अंकातलं सांगितलं. घाबराचं नाई, कुठी सही कराची नाई, तारीख येऊ द्या, मी उभा राह्यतो. आवाजही तोच लावला. ती रडायला लागली. फोन ठेवल्यावर मला वाटलं, आज आपण फार मोठं काम केलं.

तू मला लपवलंस याचा राग यायला हवा होता. आला नाही, उलट आवडलं, आणि आता त्याचीच लाज वाटते. तिला मी खरं सांगणार आहे. फक्त शिवरात्रीपर्यंतचे प्रयोग होऊन जाऊ दे. रोज नवं गाव, कुठे रेंज असते, कुठे नाई.

नर्सिंग चांगलंच आहे, पण शेळी व्याली तेव्हा तूच आधी चक्कर येऊन आडवी झाली होतीस, हे आईला आठवण करून दे. अभ्यास सोडू नको आणि मामावरची माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा
गुणवंतमामा


चंद्रपूर, १९ फेब्रुवारी

ती. मामांस,
सविनय जयभीम.

आज क्लासमध्ये मुदतीचा धडा झाला. सरांनी उदाहरण म्हणून वनहक्काचं अपील घेतलं. निर्णय कळल्यापासून साठ दिवस, असं फळ्यावर लिहिलं. मी वही मिटली आणि सरळ मेसमध्ये गेले.

रुखमाबाईने पिठाच्या डब्यामागून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला. त्यावर तारीख होती पंधरा डिसेंबर. मुदत गेल्या गुरुवारी संपली. ती म्हणाली, तुह्या मामानं सांगतलं तशी कुठीच सही नाई केली, तारखेची वाट पाहून राह्यली. अपील आपणच करावं लागतं, तारीख आपोआप घरी चालत येत नाही, हे तिला कोणी सांगितलंच नाही.

तुम्ही सांगाल म्हणून मी थांबले. मी सांगेन म्हणून तुम्ही थांबला असाल. महिनाभर तिच्या हातच्या गरम पोळ्या खाल्ल्या आणि तोंड उघडलं नाही. आजही उघडलं नाही. कागद परत गुंडाळून दिला आणि खोलीत येऊन बसले.

नर्सिंगचा फॉर्म आणून ठेवला आहे. कायद्याचं पुस्तक हातात धरायला नको वाटतं. काय करू ते कळवा. लोभ असू द्या असं लिहायचीही आज मला लाज वाटते.

खुशबू


गडचिरोली, ३ मार्च

चि. खुशबूस,
अ. आ.

कंपनीचे मालक भैयाजी यांना सांगून दोन प्रयोग सोडले आणि तुझ्या क्लासच्या वेळेला तुझ्या मेसमध्ये येऊन गेलो. रुखमाबाईला सांगितलं की मी वकील नाही, नाटकातला नट आहे. तिने पोळपाट बाजूला सारला. मग म्हणाली, माह्या जमिनीचं नाटक कराले तुमाले मीच भेटली का.

दुसऱ्या दिवशी तिला इथल्या मोफत विधी सेवेच्या कार्यालयात आणलं. तिथे अ‍ॅडव्होकेट साधनाबाई भेटल्या. त्या म्हणाल्या, अपील आताही दाखल करू, पण सोबत विलंब माफीचा अर्ज लागेल आणि त्यात विलंबाचं कारण लिहावं लागेल. मान्य होईलच असं नाही. मी चटकन म्हणालो, बाई आजारी होती असं लिहा. साधनाबाईंनी पेन खाली ठेवला. रुखमाबाई माझ्याकडे बघत होती.

मग खरं कारण लिहिलं. वकील नसताना मी वकील म्हणून सल्ला दिला, त्यावर विसंबून ती थांबली, असं प्रतिज्ञापत्र केलं. उलट माझ्यावरच केस होऊ शकते, हे साधनाबाईंनी आधी समजावलं. ही बातमी माझ्याआधी वडशाला पोचली. काळा कोट आता कंपनीतला दुसरा नट, प्रणित, घालतो.

तुझं नाव मी घातलेलं नाही. पण नंबर कोणी दिला आणि काय सांगून दिला, ही जागा त्या कागदात कोरी आहे. ती भरायची की नाही, ते तूच ठरव. काहीही ठरवलंस तरी माझी माया जिथे आहे तिथेच राहील.

मामा


चंद्रपूर, २८ मार्च

ती. मामांस,
सविनय जयभीम. वि. वि.

गडचिरोलीला जाऊन मीही प्रतिज्ञापत्र केलं. परत येऊन होस्टेलचं रजिस्टर मागितलं, वकील खोडलं आणि झाडीपट्टीतले नट असं लिहिलं. मागे उभ्या असलेल्या, होस्टेलमधल्याच दिव्यानीने ते वाचलं. जेवणाच्या वेळेपर्यंत सगळ्या होस्टेलला कळलं होतं.

रुखमाबाईला वाचता येत नाही. तिने मलाच दोन्ही कागद वाचायला बसवलं. तुमचा वाचताना आवाज बरा होता. माझ्या कागदात माझ्या नावाशी आले तेव्हा थांबले. ती म्हणाली, थांबू नको, पुरं वाच. मी पुरं वाचलं. तेव्हापासून ती माझ्या ताटात पोळी वाढत नाही, टोपली पुढे सरकवते. मी त्यातून घेते.

सुनावणी २२ एप्रिलला आहे. विलंब माफ होतो की नाही, ते त्यानंतरच कळेल. साधनाबाई खात्री देत नाहीत.

नर्सिंगचा फॉर्म मी कोराच आईकडे पाठवला आणि सीईटीचा भरला. लायक आहे म्हणून नाही. त्या साठ दिवसांत एक सरळ वाक्य सांगणारं माणूस रुखमाबाईला भेटलं असतं तर तिचं नुकसान झालं नसतं. तेवढं तरी मला शिकायचं आहे.

काल भांडी आवरताना ती आपणहून बोलली. म्हणाली, तू येजो सुनावणीले, कागद वाचाले कोणी पायजे. पर तिथी कोणाले सांगू नको का तू वकील होऊन राह्यली. मी हो म्हटलं.

तेव्हा मामा, पत्रावर वकीलबाई लिहू नका. पाच वर्षं तरी. नुसतं खुशबू लिहा आणि त्याच नावावर लोभ ठेवा.

तुमची
खुशबू