नुसतं शिवायचा खेळ

भाऊ, मुद्दाम मोडला नाही रे मी तुझा पाय, किती वेळा लिहू? हे तिसरं पत्र, तुझं एक अक्षर नाही. तरी धाकट्या भिकनचा दंडवत घे.

आसामात अमेरिकन गोऱ्यांच्या छावणीत भांडी घासतो. पोटभर मिळतं. ताप आला होता, गेला. आईला सांगू नको.

संध्याकाळी गोरे लांबट चेंडू घेऊन पळतात. पळणाऱ्याला पाडायचं नाही, दोन्ही हातांनी शिवलं की तो थांबतो. परवा एक गडी कमी पडला म्हणून मला घेतलं. चेंडूवाला जवळून निघाला आणि मी हुतुतूतल्यासारखा त्याचा पाय कवळला. तो आपटला. सोबतचा तोताराम ओरडला, "अरे, नुसतं शिव! मारतोस का गोऱ्याला?"

गोरा हसत उठला. मी मात्र तिथंच बसलो. पाचोऱ्याच्या मैदानात हुतुतूच्या डावात तू असाच ओरडत होतास, "सोड रे, पाय मोडना मन्हा!" मला वाटलं, सुटायला पाय मोडल्याचं सोंग करतोस. म्हणून आणखी आवळला.

काठीशिवाय चालतोस का आता? वखर कोण धरतं?

मागची मनीऑर्डर तू परत धाडलीस. तीत या महिन्याचे घालून पुन्हा पाठवतो, रुपये अठ्ठावीस.