घर अखंड, इंग्रिडच्या नावे

मी, शोभना मोरेश्वर आगटे, वय एकाहत्तर, राहणार पिस्कॅटवे, न्यू जर्सी, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहीत आहे. दडपण आणायची या घरात कोणाची छातीही नाही.

१. माझं राहतं घर मुलगा सुशांत याला न देता सून इंग्रिड हिला द्यावं. कारणही लिहिते, नाहीतर मागाहून म्हणाल, म्हातारी चळली होती.

इंग्रिड दक्षिण टिरोलची. हा इटलीतला आल्प्सच्या डोंगरातला प्रांत, आपला कारभार आपणच पाहतो. तिच्या खोऱ्यात रस्त्यावरच्या पाट्या तीन भाषांत असतात: जर्मन, इटालियन आणि त्यांची लदिन. लदिन बोलणारे आपल्या एका तालुक्याएवढेही नसतील, पण बोलायला कोणी लाजत नाही. लग्नाला गेले तेव्हा विहीणबाई लदिन बोलल्या, मी मराठी. दोघींनी मिळून सुशांतला यथेच्छ नावं ठेवली.

तिकडे शेतघराचे तुकडे करत नाहीत, सगळं एका वारसाला जातं. इंग्रिडचं भावाला गेलं. म्हणून माझं अखंड तिला.

२. अट एकच. माझी नात रुही, वय चार, हिच्याशी या घरात मराठी बोललं जावं. मी गेल्यावर कोण बोलणार, एवढीच मला काळजी आहे. इंग्रिड म्हणाली होती, "आई, मी रुहीशी लदिन बोलते, तुम्ही मराठीच बोला." त्या दिवसापासून ती स्वतःही शिकते आहे. पोटचा मुलगा मात्र, मी "जेवलास का?" विचारलं की म्हणतो, "आय ॲम गुड, मॉम." याचा मला राग आहे. तो मी वर नेणार नाही, इथेच ठेवून जाते.

३. पितळी सोऱ्या इंग्रिडला. त्यातून ती चकल्या पाडते आणि माहेरच्या पद्धतीने पालकाचं सैल पीठ उकळत्या पाण्यातही पाडते. चकल्या अजून जरा मऊ होतात.

४. शेजारचा शैलेंद्र विचारतो, "काकू, इथे मराठीचा यूज काय?" त्याला रुहीची बाराखडीची जुनी पाटी द्यावी. साक्षीदारही त्यालाच केलं आहे.

५. बँकेतलं सगळं सुशांतला. घराबद्दल त्याची हरकत असल्यास त्याने ती मराठीत, स्वतःच्या हाताने लिहावी. अक्षर कसंही चालेल.

ठिकाण: पिस्कॅटवे. दिनांक: १४ ऑक्टोबर २००६.
सही: शोभना मो. आगटे
साक्षीदार: शैलेंद्र गुर्जर, कांचन गुर्जर

सह्या झाल्यावर सुशांतने कागद मागून घेतला. खालचं त्याचं आहे. मी सुधारलेलं नाही.

हरकत नाहि. आई मी जेवलो.
सुशांत