दोराचं खालचं टोक

४ नोव्हेंबर

शिरीष. घराच्या दुप्पट उंच, आणि मागच्या खोलीच्या कौलांवर असा रेललेला की घर त्यानंच बांधलंय. मुळांनी भिंतीला तडा दिलाय, म्हणून काढायचा.

घरमालक दारातच माझ्या नवऱ्याला म्हणाले, "चढणारा माणूस कधी येणार?" नवऱ्यानं माझ्याकडे बोट केलं. मग त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं – शिडी विकत घेताना पाहतात तसं. "या?"

या!

५ नोव्हेंबर

बारक्या फांद्या उतरवल्या. मालक खुर्ची टाकून सावलीत – त्याच झाडाच्या. तिथून उठवलं तर व्हरांड्यातून सूचना. "सांभाळून हं, खाली कुंड्या आहेत." म्हटलं, काळजी करू नका, पडलेच तर कुंड्या चुकवून पडेन. त्यांचं समाधान झालेलं दिसलं.

मागच्या खोलीत त्यांची आई राहते. बाहेर बसा म्हटलं तर म्हणाली, "पडलं तर माझ्यावर पडेल, तुझ्या पोटात का दुखतंय?" शेवटी तिची खुर्ची अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेली. तिथून दिवसभर माझ्यावर पहारा. नजर अशी की मी फांद्या चोरून नेतेय.

६ नोव्हेंबर

सासूबाई: "सून म्हणून आणली, वानर निघाली." ताट मात्र वाढून ठेवलं होतं. वानरालाही भूक लागते, एवढं त्यांना मान्य आहे.

७ नोव्हेंबर

आजचं नीट लिहायला हवं.

सकाळी चढताना पाय घसरला. कमरेच्या पट्ट्यानं धरलं, गुडघ्याची साल तेवढी गेली. मी हसले. नवरा खालून हसला नाही. तो माझ्या विनोदांना एरवीही हसत नाही, म्हणून लक्ष दिलं नाही.

मग कौलांवरची मोठी फांदी. तिला दोर बांधला, वरच्या बेचक्यातून घेऊन खाली सोडला. नवऱ्यानं बुंध्याला वेढे दिले. वेढ्यांमुळे जोर कमी लागतो, पण टोक कुणीतरी धरावं लागतंच. नाहीतर फांदी थेट कौलांत.

"धरलंय?"

"धरलंय."

करवत चालवली. फांदी सुटली, दोर करकरला, फांदी कौलांच्या वीतभर वर लोंबकळत राहिली. खाली पाहिलं तर दोराचं टोक म्हातारीच्या हातात. एक पाय बुंध्याला लावून, पूर्ण मागे रेलून उभी. नवरा कुठेच नाही.

"सोडायचं कधी ते सांग," म्हणाली.

"हळूहळू सोडा, आजी."

विहिरीत पोहरा सोडावा तशी तिनं ती फांदी उतरवली. मग तळहात बघितले आणि म्हणाली, "तुझा माणूस भिंतीमागे आहे. बघ त्याला."

तो ओकत होता.

मालक धावत आले. आधी कुंड्या बघितल्या, मग आईला.

८ नोव्हेंबर

काम बंद. घरात अबोला. सासूबाईसुद्धा गप्प – म्हणजे प्रकरण गंभीर.

९ नोव्हेंबर

अबोला मीच मोडला. टोमणा मारायचा तर तोंड उघडावंच लागतं. "दोर फार जड झाला होता का?"

तो भाजी चिरत होता. चिरतच राहिला. म्हणाला, "तुझा पाय घसरला, तेव्हापासून हातात बळच नव्हतं. सांगणार होतो. तू वर हसत होतीस."

"म्हणून सोडून जायचं?"

"आजींनी हातातून घेतलं. म्हणाल्या, तू जा." मग सुरी खाली ठेवली. "मला बघवत नाही. त्या दिवशीच नाही. कधीच नाही बघवलं."

मी जे सवयीचं तेच बोलले. "मग तू चढ. मी धरते खाली. नुसतं उभं तर राहायचंय."

"बरं," म्हणाला.

११ नोव्हेंबर

तो शिरीषावर चढला. करवत नाही, काही नाही, नुसता पट्टा आणि दोर, दोराचं टोक माझ्या हातात. पहिल्या बेचक्यात पोचला, वळला आणि एक हात सोडून मला दाखवला.

"उतर," म्हटलं. त्याला ऐकू गेलं नाही. दुसऱ्यांदा ओरडले.

उतरला. पट्टा काढून माझ्यासमोर उभा राहिला. "सोड आता," म्हणाला.

हात दोरावरून सुटेनात.