टाकीमागची जमीन आणि तिच्यातला ताग

मी, खाली सही करणारा, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा अननसाची शेती, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागाच्या भरात केले होते.

१. राहते घर आणि अवजारे मुलाला. पाण्याच्या मोटरला लाथ घातल्याशिवाय ती चालत नाही, हे त्याला ठाऊक आहे.

२. शेजारच्या रोपवाल्याने अकरा वर्षांपूर्वी दोन दिवसांसाठी नेलेला फवारणीचा पंप त्यालाच द्यावा.

३. टाकीमागची सगळी जमीन सुनेला, पूर्ण मालकीने. मुलाने तोंड वाकडे करू नये, कारण सांगतो. मी एक लागवड काढली की लगेच दुसरी करत असे. मोकळी जमीन हे आळशाचे लक्षण, असे त्यालाही मीच शिकवले. शेवटी मुळांना रोगाच्या गाठी धरल्या, फळ मुठीएवढे झाले. तेव्हा शिंप्याच्या घरातून आलेल्या या मुलीने दोन लागवडींच्या मधल्या काळात ताग पेरला. मी एक रोप उपटून पाहिले, तर मुळांवर गाठीच गाठी. हिने रोगच पेरला म्हणून, ती बाजारात गेली असताना, मी अर्धे शेत उपटून टाकले. रद्द केलेले मृत्युपत्र त्याच संध्याकाळचे.

ती आली, आवाज चढवला नाही. एक गाठ नखाने सोडवून फोडली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"बाबा, रोगाची गाठ मुळापासून सुटत नाही. ही सुटते. आत गुलाबी आहे ना? ही जमिनीला खाऊ घालते."

मी चहा मागितला. दीड वर्षाने तिच्या उरलेल्या अर्ध्यातले फळ दोन्ही हातांनी उचलावे लागले. माझ्या अर्ध्यात पुन्हा मूठच. तिने एकदाही टोमणा मारला नाही. इतके धीराचे माणूस मी दुसरे पाहिले नाही. पोरी, मी चुकलो. तोंडाने जमले नाही, म्हणून सही-साक्षीने लिहितो.

४. टाकीमागे सुनेचा यंदाचा ताग उभा असताना मुलगा परवाच नवी रोपे सांगून आला आहे. ताग गाडून मुरेपर्यंत रोपवाल्याने ती देऊ नयेत. पंपाची परतफेड समजावी.

५. ताग फुलावर आला की लगेच कापून मातीत गाडावा लागतो, नाहीतर खोडांच्या काठ्या होतात. आज पहिली फुले दिसली. नेमका कापणीच्याच दिवशी मी गेलो, तर मला थोडे थांबवावे. नांगर थांबवू नये.

ठिकाण : पुढची खोली, खिडकीजवळ
तारीख : पेरणीपासून पंचेचाळिसावा दिवस
सही : (वाकडी आली, पण माझीच)

साक्षीदार : डॉक्टरीणबाई
साक्षीदार : रोपवाला. कलम चार मान्य. पंप उद्या आणून देतो.